इतिहासाचा बोलपट आणि बापाने दिलेली शिक्षा

ऐतिहासिक बोलपट पाहून उठलेला मनुष्य, मग तो पदवीधर असो वा घरातील दहा वर्षांचा मुलगा असो, प्रथम एकच प्रश्न विचारतो : हे असे खरोखर घडले काय? प्रश्न योग्य आहे व तो विचारला जावा हेच इष्ट. परंतु त्याचे होय किंवा नाही असे उत्तर मिळाले की परीक्षण संपले, अशी जी समजूत अलीकडे दृढ होत चालली आहे ती आम्हांस मान्य नाही. कवीने इतिहासात फेरफार केला एवढ्यावरून तो अपराधी ठरत नाही. फेरफार कोणता केला, आणि त्याने कथानायकाच्या खांद्यावरील ओझे वाढले की उतरले, हे पाहिल्यावाचून निकाल देता येत नाही. गेल्या महिन्यात आमच्या घरी एका जुन्या अमेरिकन बोलपटावरून बराच वाद झाला. त्या निमित्ताने या गोष्टीचा थोडा विचार वाचकांपुढे ठेवीत आहो.

बोलपटाचे नाव ‘तारास बुल्बा’. हा १९६२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. जे. ली थॉम्प्सन हे दिग्दर्शक. बापाचे काम यूल ब्रिनर यांनी व आंद्रेई या मुलाचे टोनी कर्टिस यांनी केले आहे. ज्यांनी ‘द टेन कमांडमेंट्स’ पाहिला असेल त्यांस ब्रिनर म्हणजे त्यातील मिसरचा गर्विष्ठ राजा, एवढे सांगितले म्हणजे पुरे. कथा मूळची निकोलाय गोगोल या लेखकाची. ती १८३५ साली प्रथम छापली गेली व १८४२ साली त्यानेच ती वाढवून पुन्हा लिहिली. नीपर नदीच्या खोऱ्यातील कोसॅक घोडेस्वार आणि पोलंडचे सरदार यांच्या वैराची ही हकीकत आहे. तारास हा वृद्ध कोसॅक आपल्या ओस्ताप व आंद्रेई या दोन मुलांस कीव येथे विद्येसाठी पाठवितो. धाकटा आंद्रेई तेथे एका पोलिश सरदारकन्येच्या प्रेमात पडतो. पुढे कोसॅक दुब्नो नगरास वेढा घालतात. ती मुलगी त्याच नगरात उपासमारीत सापडलेली असते. आंद्रेई शत्रूस जाऊन मिळतो, आणि रणांगणावर बाप त्यास आपल्या हाताने ठार करतो. जन्म मी दिला, तो परत घेण्याचा अधिकारही माझाच, अशी त्याची भूमिका.

कोसॅक म्हटले की आपणांस वाटते, कोठले हे परके लोक! परंतु या शब्दाचे आणि आपले नाते अगदीच तुटक नाही. कोसॅक व कझाक हे शब्द एकाच तुर्की मुळापासून निघालेले असून, अठराव्या शतकातील फारसी लेखनात मराठ्यांच्या धावत्या घोडदळाच्या लढाईस ‘कज़्ज़ाकी’ असाच शब्द योजलेला आढळतो. शत्रूची रसद मारावी, अंगावर आला तर पांगावे, थकला की गाठावे, ही ती पद्धत. तेव्हा माळरानातून टोळीमागून टोळी येऊन मिळत आहे, घोड्यांचा समुद्र वाढत आहे, आणि त्यावर फ्रांझ वॅक्समन यांचे संगीत चढत चालले आहे, हा दुब्नोवरील चालीचा प्रसंग पाहताना आमच्या घरातील लहानथोर सर्वच सरसावून बसले यात नवल नाही. या संगीताची ऑस्कर पारितोषिकासाठी शिफारस झाली होती. चित्रण मात्र नीपरकाठचे नव्हे, दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिनाचे आहे, व घोडेस्वारही तिकडचेच.

आता मते ऐका. आमचे पुतणे व त्यांचे मित्र यांनी पहिल्या अर्ध्या तासातच हसावयास आरंभ केला. कारण असे की, पडद्यावर जे बापलेक म्हणून वावरतात त्यांतील बाप १९२० साली जन्मलेला व मुलगा १९२५ साली! पाच वर्षांच्या वडीलकीवर पितृत्वाचा एवढा अधिकार गाजविणे कठीणच. शिवाय कोसॅक तरुण न्यूयॉर्कच्या रस्त्यावरील माणसाप्रमाणे बोलतो, हा दुसरा आक्षेप. आक्षेप खरे आहेत, पण ते वरवरचे. आपल्या संगीत रंगभूमीवर मिशा काढून शकुंतला होणाऱ्या पुरुषांस आपल्या आजोबांनी डोक्यावर घेतले होते. वयाचा व वाणीचा हिशेब प्रेक्षकाचे मन रमले की सुटतो, न रमले की आठवतो.

नातू अकरावीत आहे. त्याने विचारले, यातील नायक रशियाचा की युक्रेनचा? २०२२ सालापासून चाललेल्या युद्धाच्या बातम्या रोज ऐकणाऱ्या मुलाने हे विचारावे हे साहजिक आहे. उत्तर द्यावयास मात्र आम्हांस वेळ लागला. गोगोल स्वतः युक्रेनमध्ये जन्मला, त्याने लिहिले रशियन भाषेत. पहिल्या आवृत्तीत कोसॅकांची स्वतंत्र भूमी अधिक दिसते, तर १८४२ च्या आवृत्तीत रशियाचा अभिमान स्पष्ट उमटला आहे. २००९ साली रशियात याच कथेवर दुसरा चित्रपट निघाला तेव्हा त्यावरून दोन्ही देशांत वादही झाले. मौज अशी की ज्याच्या मालकीवरून एवढी ओढाताण चालते तो तारास मुळात कल्पित पुरुष आहे, आणि गोगोलचा कालनिर्देशही सैल आहे. तो पंधराव्या शतकाचे नाव घेतो आणि मुलांस शिकावयास पाठवितो ते कीवच्या अशा विद्यालयात, जे सतराव्या शतकाशिवाय संभवत नाही.

आमचे वडीलबंधू, ज्यांस घरात सर्व अण्णा म्हणतात, त्यांनी एका वाक्यात निर्णय दिला : बापाने केले ते योग्यच केले, फितुरीला नाते नसते. यावर धाकट्या सूनबाई, ज्या एरवी अण्णांपुढे बोलत नाहीत, हळूच म्हणाल्या की, सर्व काही बापानेच ठरविले, त्या आईला कोणी काही विचारले का? प्रश्न ऐकून आम्ही चमकलो. कारण मूळ कथेतील सर्वांत सुंदर जागा आईचीच आहे. मुले विद्यालयातून घरी येतात त्या दिवशीच तारास ठरवितो की उद्या सकाळी त्यांस छावणीत न्यावयाचे. ती एक रात्र आई झोपलेल्या मुलांच्या उशाशी बसून काढते, त्यांचे केस विंचरते, आणि पहाट लवकर होऊ नये एवढीच तिची इच्छा असते. पुढे ती कथेत जवळजवळ येतच नाही. गोगोलने तिला एकच रात्र दिली, पण त्या रात्रीमुळे पुढील सर्व शौर्याची किंमत वाचकास कळते. बोलपटाने आई ठेवली, तिची रात्र मात्र अशी भरली नाही.

बोलपटाचा खरा दोष आम्हांस येथूनच दिसू लागला. मूळ कथा पुत्रवधावर संपत नाही. त्यानंतर थोरला मुलगा ओस्ताप पकडला जातो. त्यास वॉर्सा येथे भर चौकात हालहाल करून मारितात. तारास वेष पालटून त्या गर्दीत उभा असतो. मरणाच्या वेदनेत मुलगा बापाला हाक मारतो, ऐकता आहात काय म्हणून विचारतो. आणि त्या निःशब्द गर्दीतून बापाचा आवाज येतो की ऐकतो आहे. अखेर तारासही सापडतो, तेही कशामुळे? पळताना खाली पडलेली तंबाखूची चिलीम शत्रूच्या हाती जाऊ नये म्हणून तो मागे वळतो तेवढ्यामुळे. त्यास झाडाला बांधून जाळतात. ज्याने एका मुलाचा प्राण स्वतः घेतला त्यास दुसऱ्याचा प्राण जाताना पाहावे लागले व शेवटी स्वतःही जळावे लागले, असा हा हिशेब गोगोलने पुरा केला आहे. बोलपटात वॉर्साचा चौक नाही आणि ते झाडही नाही. मुलगा पडतो, कोसॅकांचा जय होतो, दुब्नो हाती येते, व दिवे लागतात.

मुलाची बाजूही अशीच हलकी केली आहे. कथेतील आंद्रेई आपण होऊन जातो. प्रियेसाठी देश, धर्म, बाप सर्व टाकल्याचे तो उघड सांगतो. बोलपटात त्या मुलीस जाळण्याची शिक्षा झालेली असते व तिचा जीव वाचविण्याकरिता तो पोलिशांच्या बाजूने घोड्यावर चढतो, तेही उपाशी नगरात गुरे आणण्यासाठी. म्हणजे मुलाचा अपराध अर्धा केला आणि बापाची शिक्षा तर पूर्ण माफ केली. प्रेक्षकास कोणाचाच राग येऊ नये अशी ही तजवीज आहे. एक गाळलेला भाग मात्र सांगितला पाहिजे. गोगोलच्या कथेत कोसॅक निरपराध यहुद्यांस नदीत बुडवितात व लेखक ते जवळजवळ विनोदाच्या सुरात सांगतो. तो प्रसंग पडद्यावर नाही याबद्दल आम्हांस खेद वाटत नाही. पण त्यामुळे वीरांच्या हातावरील रक्तही धुतले गेले, हेही तितकेच खरे.

आपल्या साहित्यशास्त्रात या फेरफाराचा विचार हजार वर्षांपूर्वीच झालेला आहे. मुंज राजाच्या पदरी असलेल्या धनंजयाने ‘दशरूपका’त स्पष्ट अनुज्ञा दिली आहे की, मूळ कथेत जे नायकाच्या योग्यतेस किंवा रसास विरुद्ध असेल ते नाटककाराने गाळावे अथवा बदलावे. टीकाकार धनिकाने उदाहरणही दिले आहे : रामाने वालीस कपटाने मारले ही गोष्ट मायुराजाने ‘उदात्तराघवा’त गाळली, व भवभूतीने ‘महावीरचरिता’त वालीच रामास मारावयास आला असे दाखवून ती बदलली. (याच ग्रंथात रंगभूमीवर प्रत्यक्ष दाखवू नये म्हणून दूरचा प्रवास, वध, युद्ध, नगराचा वेढा, भोजन इत्यादींची यादी आहे. ती काढली तर ‘तारास बुल्बा’त पाहावयास फारसे काही उरणार नाही!) तेव्हा बदल केला हा दोष नव्हे. परंतु थोर कवी बदल कसा करतो हे पाहावयाचे तर ‘शाकुंतल’ उघडावे. महाभारतातील दुष्यंत शकुंतलेस ओळखून न ओळखल्याचे सोंग करतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप मध्ये घातला व राजाचा अपराध हलका केला. येथवर हॉलिवूडच्या लेखकांनी केले तेच त्याने केले, असे कोणी म्हणेल. पण पुढे सहाव्या अंकात अंगठी सापडल्यावर त्याच राजास त्याने पश्चात्तापाच्या आगीत असे उभे केले आहे की महाभारतातील दुष्यंताच्या वाट्यास तसे काही आलेच नव्हते. अपराध कमी केला तर दुःख वाढविले. ज्यास दोन्हीकडून सूट मिळते त्या नायकाविषयी प्रेक्षकाच्या मनात रस कोठून उत्पन्न होणार?

आपल्या इतिहासाकडे वळले असता हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. आमच्या ठाण्यात महानगरपालिकेची दोन मोठी नाट्यगृहे आहेत. एक मासुंदा तलावाच्या काठचे गडकरी रंगायतन, दुसरे डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, जे आम्हां माजिवडेकरांस जवळचे. दोन्ही नावे संभाजीराजांशी निगडित आहेत हे तेथे रोज जाणाऱ्या किती जणांच्या ध्यानात येते कोण जाणे. राम गणेश गडकरी यांनी ‘राजसंन्यास’ लिहावयास घेतले, व १९१९ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाल्याने ते अपुरे राहिले. त्यातील संभाजी विलासात बुडालेला व अखेरीस जागा होणारा असा आहे. हे चित्र गडकऱ्यांनी आकाशातून आणले नव्हते. त्या काळी हाती असलेल्या बखरींत मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीचे वजन मोठे होते, आणि मल्हार रामराव हे बाळाजी आवजींचे वंशज. बाळाजी आवजींस संभाजीराजांनी १६८१ साली देहांत शिक्षा दिली होती. शिक्षा झालेल्याच्या घरात शतकाहून अधिक काळाने लिहिलेला हा कागद, तो किती तोलून घ्यावा हे १९६० साली वा. सी. बेंद्रे यांनी आपल्या चरित्रग्रंथाने दाखविले. पुढे १९७१ साली कमल गोखले यांचे ‘शिवपुत्र संभाजी’ आले. ‘बुधभूषणम्’ हा संस्कृत ग्रंथ ज्याच्या नावावर आहे तो राजपुत्र केवळ व्यसनी होता हे म्हणणे आता टिकत नाही. ज्यांनी २०१७ च्या जानेवारीत पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा पुतळा उखडून नदीत टाकला, त्यांनी बेंद्रे उघडून पाहिले असते तर गडकऱ्यांस उत्तर केव्हाच व अधिक चांगले दिले गेले आहे असे त्यांस आढळले असते.

ज्या १९६२ साली ‘तारास बुल्बा’ निघाला त्याच साली वसंत कानेटकरांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ हे नाटक गोवा हिंदू असोसिएशनने रंगभूमीवर आणले. मास्टर दत्ताराम शिवाजीमहाराज, व काशिनाथ घाणेकर संभाजी. विषय तोच : राज्य उभे करणारा बाप आणि त्याच्या हातून निसटत चाललेला मुलगा. परंतु येथे बाप मारीत नाही, मुलगाही निर्दोष सुटत नाही. घरातील गृहकलह, सावत्रपणा, दोघांचाही ताठा, आणि दोघांचेही एकमेकांवाचून न चालणे, याचे ओझे कोणाच्याच खांद्यावरून उतरविलेले नाही. घाणेकरांचा आवेश कित्येकांस अतिरेकी वाटे. पण रुसलेला आणि भुकेला मुलगा त्यात दिसे, हे तो प्रयोग पाहिलेल्या वडील मंडळींकडून आम्ही अनेकदा ऐकले आहे.

इतिहासात घडले ते असे. १६७८ च्या डिसेंबरात संभाजीराजे मोगलांच्या दिलेरखानास जाऊन मिळाले. पुढील एप्रिलात दिलेरखानाने भूपाळगड घेतला तेव्हा राजे त्याच्या छावणीत होते. हा लहान अपराध नव्हता. आंद्रेईचा अपराध याहून मोठा म्हणता येईल असे आम्हांस वाटत नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस ते निसटून पन्हाळ्यास आले, आणि १६८० च्या आरंभी महाराज स्वतः पन्हाळ्यास जाऊन त्यांस भेटले. एप्रिलच्या ३ तारखेस रायगडावर महाराजांचा अंत झाला. ही भेट शेवटची ठरली.

‘छावा’ हा हिंदी चित्रपट २०२५ च्या फेब्रुवारीत आला तेव्हा आमच्या घरातील तीन पिढ्या एकत्र जाऊन तो पाहून आल्या. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. त्यावरील लोकमत कसे चालले पाहा. प्रदर्शनापूर्वी राजे लेझीम खेळताना दिसले म्हणून गदारोळ झाला व तो भाग काढावा लागला. मागाहून शिर्के घराण्यातील मंडळींनी आक्षेप घेतला व दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली. घराण्याचा आक्षेप समजण्यासारखा आहे. लेझमीचा मात्र मुळीच समजला नाही. राजाने लेझीम हाती घेतल्याने कोणता रसभंग होतो? आमचा आक्षेप निराळा आहे, आणि तो कोणी घेतलेला ऐकिवात नाही. चित्रपट महाराजांच्या निधनवार्तेने सुरू होतो. तेव्हा दिलेरखान मागे पडला, आणि त्याबरोबर पन्हाळाही मागे पडला. संगमेश्वरी झालेली कैद व १६८९ च्या मार्चातील तो भयंकर अंत पाहून थिएटरात लोक रडले. आम्हीही डोळे पुसले. परंतु ज्याने एकदा शत्रूची छावणी पाहिली होती, जो तेथून परत आला होता, त्यानेच पुढे त्या शत्रूपुढे मान न वाकविता मरण पत्करले, हे ज्यास ठाऊक असेल त्याचे अश्रू अधिक खोलातून येतील. मागील डाग पुसल्याने नायक मोठा झाला असे चित्रपट करणाऱ्यास वाटले असेल. आम्हांस तो उणा झालेला दिसला.

हे सर्व आम्ही त्या रात्री घरात बोललो. तेव्हा आमचे एक जुने स्नेही बसले होते; पुढील मजकूर त्यांच्या अनुमतीने लिहीत आहे. त्यांच्या मुलाने नऊ वर्षांपूर्वी घरच्यांस न रुचणाऱ्या ठिकाणी लग्न केले. तेव्हापासून बापलेकांत बोलणे नाही. मुलगा ठाण्यातच राहतो, सणासुदीस आईस बाहेर कोठे तरी भेटतो. बोलपटात पुत्रवधाचा प्रसंग आला तेव्हा हे गृहस्थ उठून गच्चीत गेले होते. अण्णांच्या निर्णयावर ते काही बोलले नाहीत, सूनबाईंच्या प्रश्नावरही नाहीत. सर्व मंडळी उठल्यावर त्यांनी एवढेच विचारले की, पन्हाळ्यावर महाराज मुलाशी काय बोलले, ते कोठे लिहिले आहे काय?

आम्ही सांगितले की कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिले आहे. त्याने बखर जिंजीस राजाराममहाराजांच्या आज्ञेने लिहिली, त्यामुळे राज्याच्या दोन वाटण्यांचे जे बोलणे तो महाराजांच्या मुखी घालतो ते कोणाच्या सोयीचे होते हे ध्यानात ठेवून वाचावे लागते. तरी त्यातही बाप मुलास भेटून संतोष पावल्याचे प्रथम सांगितले आहे, आणि राज्याची गोष्ट नंतर. स्नेह्यांनी ते पान काढून उभ्याउभ्याच वाचले, मग पुस्तक नेऊ का म्हणून विचारले. आज तीन आठवडे झाले, बखर त्यांच्याकडेच आहे.